ओवीत भावाचं नाव

सासूबाईंना गाण्याला न्यायची हौस माझीच. कार्यक्रमाचं नाव ‘आठशे वर्षांची गाणी’. अभंग झाले, लावणी झाली, मग चंद्रिका नावाची गायिका जात्यावरची ओवी गायली. माहेरची वाट बघणाऱ्या बहिणीची. टाळ्या पडल्या आणि आमच्या सासूबाई बजाबाई, मोहोळच्या बाजारात भाव करायला उठाव्यात तशा उठल्या.

“बाई, भावाचं नाव कुटं हाय?”

मी त्यांचा पदर ओढला. उपयोग शून्य.

“पुस्तकात नव्हतं हो,” चंद्रिका म्हणाली.

“पुस्तकात कसं असंल? दळणारीनं आपल्या भावाचं घालायचं असतंय. न्हायतर ओवी पोचायची कुणाला?”

“मला भाऊ नाही, आजी.”

“मग ह्यो कोण?” सासूबाईंनी तबलजीकडं बोट केलं. “मगापासनं तुला सांभाळून घेतोय की!”

सगळं सभागृह हसलं. मी खुर्चीखाली जायचीच बाकी होते. चंद्रिकाही हसली, तबलजीकडं वळून बसली आणि तीच ओवी पुन्हा गायली. या वेळी त्याचं नाव घालून, ‘शिवराज माझा भाऊराया’.

दोन तासांत पहिल्यांदाच तबल्याचा ठेका चुकला.