एकतिसावे पान

पहिले प्रूफ.

"भिंगार ते पाथर्डी मोटार-शर्यत, १९३४. पहिला : पुंजाराम."

विष्णुपंतांनी ओळ तीनदा वाचली. चौदा वर्षांपूर्वी पाथर्डीच्या वेशीवर घड्याळ धरून तेच उभे होते; छावणीच्या कचेरीतले कारकून, वेळ नोंदणारे. तेव्हा नोंदवहीत त्यांनी लिहिले होते : पहिले, सरदारसाहेब. मोटार ज्याची, नंबर त्याचा, असा रिवाज. साहेब करंजीच्या घाटात मागच्या सीटवर ओकत होते. गाडी चालवली होती त्यांच्या मोतद्दाराने, घोड्यांची निगा राखणाऱ्या पुंजारामने.

आता स्वतः लिहिलेला या भागातल्या शर्यतींचा इतिहास छापताना ते खोटे पुसायचे होते. पुंजारामने घरात जपलेला त्या दिवसाचा एकुलता एक फोटो पंतांना दिला होता.

"पंत, नाव तेवडं छापा. सून म्हनती, म्हातारं थापा मारतंय. चौथी शिकलीय ती. तिलाच वाचाय लावतो."

"शब्द दिला, पुंजाराम."

दुसरे प्रूफ.

कागदावर सरकारी नियंत्रण होते, सहज मिळत नव्हता. कागदाचा परवाना सरदारांच्या चिरंजीवांकडे. त्यांनी पान एकतीस वाचले आणि हसले.

"वा पंत! कागद आमचा, मोटार आमची, आणि नाव मोतद्दाराचं?"

"पण गाडी त्यानंच…"

"तुमची नोंदवही काय म्हणते?"

वही पंतांनीच शर्यतीच्या वेळांचा पुरावा म्हणून आणली होती. अक्षर त्यांचे. सही त्यांची.

दहा वर्षांचे लिखाण. दोनशे पाने. पंतांनी लाल शाईने एकच नाव खोडले.

छापील प्रत.

भिंगारच्या बाजारात पुंजाराम पंक्चर काढत होता. हात धोतराला पुसून त्याने पंतांनी आणलेले पुस्तक घेतले आणि आधी फोटो शोधला. सरदार ऐटीत उभे. स्टिअरिंगमागचा माणूस छपाईचा ब्लॉक करताना कापलेला. कडेला एक कोपर उरले होते.

"हे माजं," तो म्हणाला. "चांगुने, ये भायेर! वाच मोठ्यानं."

चांगुणा पदर सावरत आली. पंत उठायला लागले.

"बसा की पंत. च्या टाकलाय."

ती बोट ठेवून वाचू लागली. "पहिले… सर… सरदार…" थांबली. ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. सासऱ्याकडे पाहिले, पण या खेपेला हसली नाही.

पुंजारामने पुस्तक मिटले.

"घड्याळ तुमच्याच हातात हुतं ना, पंत?"

"होय."

"मंग च्या पिऊन जावा."

शुद्धिपत्र.

शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीत अकरा चुका होत्या. पान एकतीस त्यांत नव्हते.