न मालवलेला लाल ठिपका

“दोन्ही डोळे उघडे ठेव गो. एक मिटलास की निम्मी बाग दिसायची नाही.”

मित्रांनो, बायकोला नेम शिकवताना लवूने म्हटलेले हे शब्द अजून माझ्या काचेत राहिले आहेत. मी एक जुनी, बोटभर लांबीची नळी आहे. बंदुकीवर बसवून माझ्यातून पाहिलं की कुंकवाच्या टिकलीहून लहान असा लाल ठिपका दिसतो. तो जिथे टेकेल, तिथे छर्रा लागतो.

माझा जन्म दूरदेशीच्या थंड गावातला. लवू बोटीवर खलाशी. १९८४ साली त्याने मला एका बंदरात घेतलं आणि मुरुडला आणून आपल्या छर्‍याच्या हलक्या बंदुकीवर बसवलं. दहा पैशांच्या नाण्याने माझे स्क्रू फिरवत तो दोन दिवस बसला, तेव्हा कुठे ठिपक्याचं आणि छर्‍याचं जमलं.

बंदूक होती आंब्यावरच्या वांदरांसाठी. पण त्याची बायको मथुरा शनिवार करणारी. ती हळूच म्हणाली, “मारुतीरायाच्या सैन्यावर मी नेम धरायची नाही हां.”

मग लवूने बागेच्या मधोमध घासलेटचा रिकामा डबा टांगला. छर्रा डब्यावर, ठण्ण! वांदरं कुंपणापार. मथुराचा हात लवकरच बसला. शनिवारी मात्र ती बंदुकीला शिवत नसे.

शेजारच्या यमुनाबाई कुंपणावरून विचारत, “काय गो, आज वांदरांना सुट्टी दिलीस?”

“उपास माझा आहे, काकी. त्यांना खाऊ दे.”

बोटीवर परतताना लवूने कोपऱ्यातलं नवं कलम दाखवलं. पहिल्यांदाच मोहरलं होतं. “ह्याचं पहिलं फळ मारुतीला. मी नसेन, तर तुझ्या हातनं.”

“एक तरी राखीन,” मथुरा म्हणाली.

“आणि काम झालं की हे बटण फिरवून ठिपका मालवत जा.”

तिने मान हलवली. पण तिन्हीसांजेला बंदुकीसकट मला देवांपाशी ठेवल्यावर तिचं बोट बटणावर आलं आणि थांबलं. माणूस समुद्रावर, आणि त्याच्या हातचा दिवा आपण कसा मालवायचा? तिने तो तसाच ठेवला. रोज दिवाबत्ती झाली की ती माझ्यात डोकावे, “आहे” म्हणे आणि हात जोडी. खरं सांगू? ते माझे सर्वांत सुखाचे दिवस. देवांच्या शेजारी बसून मी थोडा फुगलोही होतो.

पुढे ठिपका फिका होत गेला. एका संध्याकाळी ती डोकावली, तर काहीच नाही. पदराने काच पुसली, पुन्हा पाहिलं. तिला वाटलं, हा लवूचाच काही निरोप. दापोलीच्या दुकानदाराने मान हलवली, “असला सेल हिकडं नाय मिळायचा, वहिनी.” सेलचं कळूनही तिच्या मनातली शंका जाईना.

बंदूक खुंटीला लागली आणि तिच्यासोबत मीही. मथुराला घास गोड लागेना, बागेकडे पाऊल वळेना. धूळ साचलेल्या काचेतून मी दाराकडे बघत राही. वांदरांचं फावलं. कोपऱ्यातल्या कलमाला नऊ फळं होती. एकच उरलं.

मग पत्र आलं. तिने ते उभ्यानेच वाचलं. “तू मालवला नसशील, ठाऊक आहे मला. अगो, ठिपका गेला तर सेल संपला असं समज. मी धडधाकट आहे. येणं दिवाळीनंतर. नवा सेल आणतो.”

ती हसली, डोळे पुसले, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

मित्रांनो, माझा तिच्यावर राग नाही. एवढ्या मायेने मला कुणी जपलं नव्हतं. पण तुम्ही एक करा. जी वस्तू जिवाची वाटते, तिला विसावाही द्या. सतत पेटतं ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आणि ती विझली, तर तिला खुंटीवर विसरू नका.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. फळ उद्या, मारुतीच्या वारी उतरायचं, म्हणजे आजचा दिवस राखायचं. पूजा आटोपून मथुराने बंदूक काढली. माझी काच पुसली.

यमुनाबाईंनी पाहिलंच. “ठिपका नाय, तर नेम कसा गो धरणार?”

“डबा तिथंच आहे ना, काकी. आणि डोळे दोन आहेत.”

तिने पदर खोचला, देवाला नमस्कार केला आणि काळोख्या मला खांद्याशी घेऊन कोपऱ्यातल्या कलमाकडे निघाली.