शंभराला आठचा उतार

दिनांक ९ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. धाकट्या भावाच्या परसात खडीच्या दोनशे बारा गोण्या उतरल्या. चलनावर दोनशे पंधरा होत्या. उरलेल्या तीन मी ड्रायव्हरला त्याच्याच सीटमागे दाखवल्या. "आजोबा, कस्टममध्ये होता का?" तो म्हणाला. मी तंत्रनिकेतनात शिकलो आहे, एवढेच उत्तर मी दिले.

धाकटाही त्याच तंत्रनिकेतनाचा, माझ्यामागून चार वर्षांनी आलेला. जमिनीच्या पातळ्या मोजण्यात त्याची हयात गेली. यंत्र लावण्याआधीच तो उतार नजरेने सांगे, म्हणून कचेरीत त्याला 'पाणसळ' म्हणत. निवृत्तीनंतर तो हौसेने गोल्फ शिकला आणि आठ महिन्यांत त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. त्याहून वाईट म्हणजे सरळ आणि तिरपे यांतला फरकच त्याला कळेनासा झाला. भिंतीवरची चौकट कलली तरी त्याला ती सरळ वाटे.

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी जानेवारीत घड्याळ लावून मोजले होते. आधाराशिवाय तो दोन मिनिटे दहा सेकंद उभा राहू शकला. "हा वेळ वाढला नाही, तर चाकांची खुर्ची कायमची," त्या म्हणाल्या. "व्यायाम म्हटलं की ते तोंड फिरवतात. उभं राहायला काहीतरी कारण द्या त्यांना."

ते कारण मी बांधायला घेतले. चौदा फूट बाय आठ फुटांचा चौथरा. उंची दीड फूट, म्हणजे बरोबर मागच्या दाराच्या उंबऱ्याइतकी, जेणेकरून खुर्ची थेट बाहेर यावी, पायरी लागू नये. भोवती भिंत, आत चार-चार इंचांच्या थरांत खडी, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकणी. वर दगडाची भुकटी, तिच्यावर कृत्रिम गवत, मधोमध गोल्फच्या चेंडूसाठी भोक आणि कडेने कमरेइतका कठडा.

भुकटीच्या थरापाशी मी थांबलो. गोल्फच्या अशा हिरवळीला शंभराला दोन, म्हणजे शंभर फुटांत दोन फूट, एवढा उतार पुरतो. परंतु एका हाताने, डळमळत मारलेला चेंडू त्यावर भोकात गेला नसता. दहा चेंडू चुकले की हा खुर्ची फिरवणार, हे सांगायला मला कोणतेही यंत्र नको होते. मी चारी बाजूंनी भोकाकडे शंभराला आठ उतार दिला.

गवत अंथरायला आलेला कारागीर कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. "काका, ही हिरवळ आहे की बशी? मांजरानं ढकलला तरी चेंडू आत जाईल."

"तू गवत नीट चिकटव. बाकीचं माझ्यावर सोड."

"सोडलं. पण कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नका म्हणजे झालं."

भावजय दारात उभी राहून ऐकत होती. "दादा, ह्यांना कळलं तर?"

"त्याला समोरची चौकट कललेली दिसत नाही, हे काय दिसणार?" मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो, त्याची नोंद येथे करणे आवश्यक आहे.

पहिल्या दिवशी दहापैकी सात चेंडू आत गेले. एप्रिलअखेर नऊ. धाकटा स्वतः दाढी करू लागला. कचेरीतल्या जुन्या दोस्तांना फोन लावून ओरडू लागला, "अरे, एका हातानं दहापैकी नऊ! तू दोन हातांनी मारून दाखव, मग बोल." मेच्या शेवटी बाईंनी मोजले तेव्हा तो चौदा मिनिटे उभा होता.

जूनच्या तेरा तारखेस मी सकाळी गेलो, तर भावजय हसतच दार उघडायला आली. "दादा, आज ह्यांनी सांगितलं, जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. मी मोजला. खरंच आहे!"

मी तसाच मागे गेलो. धाकटा कठड्याला टेकून उभा होता; गोल्फची काठी गवतावर पडली होती. त्याने कडेला एक चेंडू ठेवला आणि नुसता सोडला. चेंडू घरंगळत भोकात गेला. मग दुसऱ्या बाजूने एक, तिसऱ्या बाजूने एक.

"दादा, किती दिलायस?"

"निचऱ्यासाठी थोडासा..."

"निचऱ्याचा उतार बाहेर काढतात. पहिल्या वर्षी तूच शिकवलंस मला. किती?"

"शंभराला आठ."

"मी साडेसात धरला होता." त्याची नजर परत आली होती, आणि ती माझ्यावरच रोखलेली होती.

"तुला उभं करायचं म्हणून केलं रे."

"ते कळतं मला. पण मी लोकांना फोन केले, दादा. एकेकाला गाठून गाठून सांगितलं."

"अहो, उभे तर राहिलात ना?" भावजय मध्ये पडली. "ती चौदा मिनिटं तर खरीच आहेत!"

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं." तिने पदर तोंडाला लावला.

"चार दिवस दे," मी म्हणालो. "सगळं उकरून दोनवर आणतो."

"नको. मग मला खरं किती जमतं ते कळेल. ते तुलाही बघायचं नव्हतं, म्हणून तर आठ दिलास." एवढे बोलून तो खुर्चीत बसला आणि भावजयीला म्हणाला, "आत ने."

तरीही मी ते काम केले. गवत सोलले, भुकटी उपसली, नळीत पाणी भरून दर फुटावर पातळी तपासली. उतार आता शंभराला दोन आहे, कोठेही अधिक-उणा नाही. कारागिराने गवत पुन्हा चिकटवले. मागचे दार मात्र उघडले नाही. धाकट्याने आपली खुर्ची पुढच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवून घेतली आहे. मी गेलो की तो माझ्या तब्येतीची चौकशी करतो, परक्या माणसाची करावी तशी.

दिनांक २८ ऑगस्ट, सकाळी साडेदहा. बाईंनी घड्याळ लावले. आधाराशिवाय उभे राहण्याचा वेळ, एक मिनिट पन्नास सेकंद.