वंदनाला हळू बोलता येत नसे

वंदनाला हळू बोलता येत नसे. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, वेणीत अडकलेले कापसाचे तंतू झटकत ती कॉलेजच्या फाटकातून आत येई, तेव्हा तिच्याआधी तिचा आवाज आमच्या वर्गापर्यंत पोचलेला असे. नारपोलीला तिच्या घराच्या भिंतीला लागूनच वडिलांचे यंत्रमाग होते. त्या अखंड खडखडाटात माणसं एकतर ओरडून बोलत, नाहीतर एकमेकांच्या ओठांकडे बघून समजून घेत. त्यामुळे ऐकतानाही तिची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर स्थिर असे. नवख्या माणसाला त्याने अवघडल्यासारखं व्हायचं.

मोबाइल अजून मोजक्यांच्याच हाती होते, तेव्हाची ही गोष्ट. मनाच्या दुखण्यात मुलांनीच मुलांना आधार द्यावा म्हणून मानसशास्त्राच्या बाईंनी एक गट उभा केला होता. मधल्या सुट्टीत जिमखान्याशेजारच्या खोलीत त्यातलं कुणीतरी बसे. ज्याला जड वाटतंय त्याने यावं, बोलावं. वंदनाने हौसेने नाव दिलं, पण तिच्याकडे कुणी फिरकेना. तिला सांगणं म्हणजे गावभर दवंडी, अशी थट्टा चाले. खरं तर दुसऱ्याचं गुपित तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

त्या हिवाळ्यात मी आतून विझत चालले होते. राहनाळला घरी अन्न गोड लागेना, झोप येईना, मैत्रिणींचं हसणंही फार लांबून आल्यासारखं वाटे. आणि आपण नसलो तर सगळ्यांचा भार हलका होईल, हा विचार मनात घर करून बसला होता. आईने दृष्ट काढली, अंगारा लावला. कुणी विचारलं की मी "काही नाही" म्हणे, आणि विचारणाराही सुटल्यासारखा निघून जाई.

वंदना गेली नाही. कँटीनमध्ये समोर बसून ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. माझं "काही नाही" तिने ऐकलं असेलही, पण ते म्हणताना थरथरलेले ओठ तिने पाहिले. मग आपल्या नेहमीच्या आवाजात तिने विचारलं,

"काय गो, मरावंसं वाटतंय का तुला? मना सांग, मी हाय."

आजूबाजूच्या माना वळल्या. एरवी लाजेने मी जमिनीत गडप झाले असते. पण जे स्वतःशीसुद्धा उच्चारायचा धीर होत नव्हता, ते चारचौघांत पाणी मागावं इतक्या सहज कुणी बोलून टाकल्यावर त्याची दहशतच उतरली. मी "हो" म्हटलं आणि खूप रडले.

तिने मला एकटं सोडलं नाही. बाईंकडे नेलं, संध्याकाळी माझ्यासोबत घरी आली. लोक काय म्हणतील म्हणून बाबा मला डॉक्टरांना दाखवायला कचरत होते. ताप आला तर आपण लपवतो का, असं तिने त्यांनाच विचारलं. शेजाऱ्यांनाही ते ऐकू गेलं असणार. त्याच आठवड्यात बाबा मला ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. बरं व्हायला पुष्कळ दिवस लागले, पण मी बरी झाले.

पुढे माग विकून तिचं कुटुंब कुठेसं निघून गेलं आणि आमच्या भेटीगाठी थांबल्या. तिचे उपकार फिटणारे नाहीत, आणि ते फेडायची मला घाईही नाही. त्या दुपारनंतर वाट्याला आलेलं बहुतेक सारं आयुष्य मी तिच्या गैरहजेरीत जगले. त्यातला एकही दिवस तिच्यावाचून उगवला नसता.