वजनाचं जाकीट

काकू पडल्या त्या एका बुटक्या स्टुलावरून. पडद्यांच्या कारखान्यात शिवून झालेला पडदा दांडीला लटकवून बघायचं कामही त्यांच्याकडेच होतं. कडी अडकवताना पाय सटकला, डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं कसं, म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला लावली. बावन्न वर्षांच्या काकूंची हाडं ठिसूळ व्हायला लागली होती.

"आता जपायचं," डॉक्टर म्हणाले. म्हणाले ते काकांना. हात काकूंचा मोडला होता. "यांना जड उचलू द्यायचं नाही."

काकांनी गंभीरपणे मान डोलावली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "अगं, तेवढी धुण्याची बादली गॅलरीत नेशील का? उजवा हात मोकळा आहे ना तुझा?"

काकूंनी नेली. तेव्हा त्या अजून नेत होत्या.

प्लास्टर निघाल्यावर हाताच्या व्यायामासाठी त्या एका फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागल्या. काकूंना लेक शोभेल अशा वयाची, फटकळ पण मनापासून बोलणारी मुलगी. तिनं सगळे रिपोर्ट वाचले, डॉक्टरांना फोन लावून बोलली, आणि मग काकूंच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"नुसतं जपून चालणार नाही काकू. अंगावर भार आला की हाडं कामाला लागतात. नाहीतर त्यांना वाटतं, आपली कुणाला गरजच नाही, आणि ती झिजत बसतात. आधी चाला. पायात ताकद येऊ दे. मग अंगात घालायचं वजनाचं जाकीट मिळतं, ते घालून चाला. अगदी थोडं वजन, हळूहळू वाढवत. पाठ दुखली तर थांबायचं आणि मला सांगायचं."

ती बोलताना काकूंच्या डोळ्यांत बघत होती. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच होत होतं.

दोनेक महिने नुसतं चालून झाल्यावर काकू खेळाच्या सामानाच्या दुकानात गेल्या. विक्रेत्यानं विचारलं, "मुलासाठी हवंय का?"

"माझ्यासाठी."

त्याला हसू आवरलं नाही. त्यानं एक काळं जाकीट आणून दिलं. काकूंनी घालून बघितलं. खांद्यांवरून ते घसरत होतं आणि छातीवर असं दाबत होतं की श्वास घेणं मुश्कील.

"बायकांच्या मापाचं दाखवा."

"तसं येतच नाही. बायका घेत नाहीत."

"घेत नाहीत, की बसत नाही म्हणून घेत नाहीत?"

विक्रेता जाकिटाची घडी घालू लागला. काकू तणतणत बाहेर पडल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्यांची मापं घेतली, आता स्वतःचं घेऊ, असं म्हणून त्यांनी पडद्याच्या अस्तराचं जाड कापड घेतलं. खांद्याला रुंद पट्टे, पुढेमागे छोटे कप्पे, बाजूला आवळायला बंद. वाळू चाळून, कोरडी करून दुहेरी शिलाईच्या पिशव्यांत भरली. सुरुवातीला जाकीट दोन किलोंचं झालं. अंगाला ते असं बसलं, की कुणीतरी मागून खांद्यांवर हात ठेवून उभं आहे असं वाटावं.

इमारतीमागून एक चढाचा रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत जातो. काकू रोज सकाळी तिथं जाऊ लागल्या, आणि लोकांच्या तोंडाला विषय मिळाला. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आत काय लपवलंय हो?" वॉचमननं एकदा अडवून कप्पे दाबून बघितले. फाटकाजवळच्या बाकावर बसणारी निवृत्त मंडळी तर रोजच तयार असायची. "वहिनी, घरातली कामं कमी पडली वाटतं!" आणि हशा.

काकूंना तो हशा झोंबायचा. पण त्याहून जास्त झोंबलं ते काकांचं बोलणं.

"लोक मला विचारतात, बायकोला शिक्षा केलीय का म्हणून. या वयात शोभतं का हे? मान आखडली, कंबर मोडली म्हणजे?"

काकू कणीक मळावी तसे हात टेबलावर दाबून उभ्या राहिल्या. "तुमच्या आई अंथरुणावर होत्या तेव्हा सात वर्षं त्यांना दिवसातून किती वेळा उचललं मी? पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत पलंगावर. तेव्हा विचारलंत का माझ्या कमरेचं? कारखान्यात कापडाचे तागे उचलते, तेव्हा विचारलंत? तुमच्यासाठी उचललं तेव्हा माझी कंबर लोखंडाची होती. आता माझ्यासाठी चार पिशव्या वाळू उचलली, तर अख्ख्या गावाला माझ्या कमरेची काळजी!"

"आईचं वेगळं होतं," काका म्हणाले. "ते घरचं होतं."

दुसऱ्या दिवशी जाकीट दाराच्या खुंटीवर नव्हतं. काकूंनी शोधलं. ते माळ्यावर बॅगांच्या मागे कोंबलेलं दिसलं. काकूंनी ते काढलं नाही. दोन संध्याकाळी मशीनवर बसून नवं शिवलं.

"हे काय, दुसरं?" काका म्हणाले.

"तिसऱ्याचंही कापड आणलंय."

काकांनी परत जाकिटाला हात लावला नाही.

पाऊस गेला, थंडी आली. वाळूच्या पिशव्या एकेक करून वाढल्या. हाडांचं काय झालं ते पुढच्या तपासणीत कळणार होतं, पण बाकीचं काकूंना रोज कळत होतं. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत नव्हता. चढावर धाप लागायची ती लागेनाशी झाली. एकदा कारखान्यात मुख्य कारागीर आणि त्या मिळून ताग्याची दोन टोकं उचलत होते, तर त्यानंच आधी टोक खाली ठेवलं. काकू दिवसभर मनात हसत होत्या.

आणि मग ताई पडल्या. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. एकट्या राहणाऱ्या, जिभेच्या तिखट. काकूंच्या जाकिटाबद्दल ऐकून फोनवर म्हणाल्या होत्या, "म्हातारचळ लागलाय तिला." बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं.

काका दवाखान्यातून आले ते खुशीतच. "ताईला आपल्याकडेच आणायचं ठरवलं. दोनेक महिने लागतील. तिला म्हटलं, अजिबात काळजी करू नकोस, आमच्या घरात पहिलवान आहे! तुला आता काय, चुटकीसरशी उचलशील तिला."

काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? ताकद आलीच आहे तर—"

"ताकद आली तेव्हा लाज वाटत होती तुम्हाला. लोक हसत होते. आता कामाची निघाली, तर लगेच घरची झाली?" काकूंचा आवाज चढला. "ही मी कमावलीय. वाळू भरून, लोकांची बोलणी खाऊन. तुम्ही ती परस्पर वाटून मोकळे झालात!"

"मग काय ताईला रस्त्यावर टाकू?"

"ताई येतील. बहीण तुमची आहे, तुम्ही निवृत्त होऊन घरी असता, तुम्ही उचलायचं. कसं उचलायचं ते मी शिकवीन. मी रजा घेणार नाही आणि माझं फिरणं बंद करणार नाही."

काका "बरं बरं" म्हणाले. बायको चार दिवसांत विसरेल, अशी त्यांची खात्री होती.

ताई आल्या. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊन दाखवून गेली: वॉकर कुठे ठेवायचा, ताईंच्या कमरेचा पट्टा कसा धरायचा, काखेत हात घालून ओढायचं नाही. काकूंनी काकांकडून ते दोनदा करून घेतलं. काकांनी ते शाळेतल्या कवायतीसारखं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू टाकीच्या चढावर असताना फोन वाजला.

"लवकर ये. ताईला बाथरूमला जायचंय."

"वॉकर पलंगाशी आहे. पट्टा धरा आणि उठवा."

"मला नाही जमणार गं. ती जड आहे."

"तुमच्या आईही जड होत्या," असं म्हणून काकूंनी फोन बंद केला.

पण पुढचं पाऊल पडेना. पाय आपोआप उताराकडे वळायला लागले. ताई अवघडून बसल्या असतील, पडल्या तर काय, लोक काय म्हणतील. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःचाच इतका राग आला, की त्या मोठ्यानं "नाही!" म्हणाल्या. समोरून येणारा दूधवाला दचकला. काकू टाकीपर्यंत गेल्या, तिथं थोडं थांबल्या आणि मग नेहमीच्याच चालीनं परतल्या.

घरात शिरल्या तर काका मोरीत चादर धूत होते. शर्ट भिजलेला, तोंड उतरलेलं. ताई स्वच्छ कपड्यांत खुर्चीत बसल्या होत्या.

"हा नुसता फोन घेऊन उभा!" ताई फणकारल्या. "वेळेवर पोचले नाही मी. मग ओरडले त्याच्यावर, तेव्हा कुठे कंबर धरली. दोघं पडता पडता वाचलो."

काकू जाकिटाचे बंद सोडू लागल्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आईला तू एकटीच उठवायचीस?"

"हो."

"सात वर्षं?"

"हो, ताई."

"मी यायचे तेव्हा आई नेहमी खुर्चीत बसलेली असायची. वेणीफणी केलेली. तिला कुणीतरी तिथं बसवलं असेल, हे कधी मनातच आलं नाही माझ्या." ताईंनी मान फिरवली. "आणि मी मात्र तिची चादर मळलीय म्हणून तुलाच बोलून जायचे."

खरं तर काकूंना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना आणखीच राग आला. एवढं कळायला यांचा खुबा मोडावा लागला, भावाला चादर धुवावी लागली. त्या आत गेल्या आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या.

त्यानंतर मात्र काका शिकले. दुसरा इलाजच नव्हता. वेणीफणी ताई काकूंकडून करून घ्यायच्या, पण उठवायला भावालाच हाक मारायच्या. महिन्याभरानं फिजिओथेरपिस्ट मुलीनं ताईंच्या घोट्यांना बांधायला छोटी वजनं दिली. खुर्चीत बसून पाय उचलताना ताई शिव्या देत, पण सोडत नसत. जाताना त्या काठी टेकत स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या.

काही दिवसांनी काकू सकाळी फाटकातून बाहेर पडत होत्या. बाकावर काका बसले होते आणि निवृत्त मंडळींना सांगत होते, "हाडांना भार हवा असतो. मीच म्हटलं हिला, घाबरू नकोस, घाल वजन, चाल. आता बघा कशी खणखणीत झालीय!"

काकू थांबल्या. जाकिटासकट बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे खोटं आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "यांनी मला अडवलं होतं. तुम्ही सगळे हसत होता. मी माझी चालले."

बाकावर कुणी हसलं नाही. एकानं उगाच चष्मा पुसला. काकू वळल्या आणि चढाला लागल्या.

काका दोन दिवस बोलले नाहीत. काकूंनीही रुसवा काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना काकाच म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

"मीठ स्वयंपाकघरात आहे," काकू म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.