हेस्टरने देऊन टाकलेलं गाणं

‘राखाडी बगळा’ पबच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी गाणी होतात. माइक नाही, तिकीट नाही, टाळ्यांचंही फारसं कौतुक नाही. बाकांवर गोल करून बसायचं, पाळी आली की गायचं, गायचं नसेल तर "पुढे" म्हणायचं. धृपद मात्र सगळ्यांनी उचलायचं. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या त्या किनाऱ्यावरची माणसं एरवी हवापाण्यापलीकडे एकमेकांशी बोलत नाहीत, पण धृपदाला साथ मिळाली नाही तर तो अपमान वर्षभर मनात ठेवतात.

नियम म्हणाल तर एकच. ज्याचं गाणं त्याचं. क्लेम लार्टरचं हेरिंग मासळीचं गाणं क्लेमच गाणार, मग तो कितीही बेसूर गावो, आणि तो गातोच. आपलं गाणं दुसऱ्याला द्यायचं असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, "आजपासून हे हिचं." एकदा दिलं की देणाऱ्याने ते पुन्हा गायचं नाही. मुलीला लग्नात दिलेली वस्तू कुणी परत मागत नाही, तसंच ते.

गेल्या शरदात हेस्टर ब्लोअर्सने आपलं गाणं ब्रायनीला दिलं, सगळ्यांसमोर उभं राहून. हेस्टर सत्तरी ओलांडलेली, पोस्टात आयुष्य काढलेली, एकटी. ब्रायनी तिशीतली, नॉरिचची, रेडिओवर गाणारी. ही शहरातली मुलगी दोन वर्षं बसने येऊन हेस्टरच्या शेजारी बसत होती, तिचे बूट पुसून देण्याएवढी तिच्या मागेमागे होती. गाणं हेस्टरच्या आईचं, आईला तिच्या आईकडून आलेलं. खलाशावर भाळलेली मुलगी, पोटात बाळ, खलाशी परत येत नाही. असली गाणी त्या किनाऱ्यावर पैशाला पासरी. पण हेस्टरच्या घरात त्या गाण्याला जास्तीचं एक कडवं होतं आणि ते तिने बगळ्यात कधीच गायलं नव्हतं. ब्रायनीला ते शिकवलं स्वयंपाकघरात, दार लावून. का शिकवतेय तेही सांगितलं.

सतराव्या वर्षी हेस्टरला दिवस गेले होते. आईवडिलांनी तिला दूरच्या गावी, चर्चच्या बायका चालवत असलेल्या एका घरात नेऊन ठेवलं. गावात सांगितलं, आत्याकडे गेलीय. मुलगा झाला. सहा आठवडे तिने त्याला पाजलं, त्याच्यासाठी पिवळं स्वेटर विणलं. मग एका सकाळी तिला सांगण्यात आलं, त्याला आंघोळ घालून, तेच स्वेटर चढवून खाली घेऊन ये. खाली मोटार उभी होती. हेस्टर घरी परतली तेव्हा कुणी एक शब्द काढला नाही, जेवायला वाटाण्याचं सूप होतं. नंतर कधीतरी आई भांडी घासताना तेच जुनं गाणं म्हणत होती आणि शेवटी तिने एक नवीन कडवं म्हटलं, पाठ फिरवूनच:

*माझ्या हातून नेलं गं बाळ,*
*हात अजून आहेत उबदार.*

आईने लेकीची माफी मागितली ती एवढीच. हेस्टरने हातातली बशी पुसून ठेवली.

"तो असेल कुठेतरी," हेस्टर ब्रायनीला म्हणाली होती. "पंचावन्नचा झाला असेल. माझं ऐकायला बगळ्यात कोण येतंय? तुझं लोक ऐकतात. कधी गाडी चालवताना त्याच्या कानावर पडलं, तर त्याला एवढं तरी वाटेल की अशीही कुणी आई असते. टाकलं नव्हतं, नेलं होतं. चाल बदल, वाद्यं घाल, काय हवं ते कर. शब्द तेवढे जसेच्या तसे ठेव, पोरी."

"शप्पथ, हेस्टर," ब्रायनी म्हणाली आणि रडली. ते रडणं खरं होतं, हे मान्य करायला हवं. खोटं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

वसंतात गाणं बाहेर आलं. रेडिओवर लागायला लागलं. हेस्टरने ते ऐकलं नाही. दिलेलं गाणं पहिल्यांदा ऐकायचं ते घेणारीच्या तोंडून, बगळ्यात, सगळ्यांबरोबर, अशी तिची समजूत. दुकानात, बसथांब्यावर लोक म्हणायचे, "तुझं गाणं गाजतंय की गं," आणि ती हसून म्हणायची, "तिचं गाणं." क्लेमने एकदा विचारलं, "तू ऐकलंस का, बाई?" ती म्हणाली, "ती येईल तेव्हा ऐकेन." यावर क्लेम बराच वेळ आपल्या बिअरच्या ग्लासात बघत राहिला. म्हातारा झालाय, असं हेस्टरला वाटलं.

जूनच्या रविवारी ब्रायनी आली. मांडीवर सूरपेटी होती. हल्लीच्या तरुण गायकांना तिच्याशिवाय गाताच येत नाही. हेस्टरने त्या दिवशी निळा ब्लाउज घातला होता आणि केस सेट करून घेतले होते. ब्रायनीने एकच सूर लांबवर धरला आणि त्यावर गाणं अलगद ठेवलं. चाल ओळखू येत नव्हती, तरी ती चांगली होती. हेस्टरला अभिमान वाटला. कडवी सरत गेली आणि शेवटचं आलं.

*माझ्या हातांनी दिलं गं बाळ,*
*हात झाले मोकळे.*

हेस्टरला वाटलं, चुकली पोर. सुधारेल. पण लगेच सगळ्या खोलीने ती ओळ उचलली, *हात झाले मोकळे*, दोन पट्ट्यांत, खालच्या सुरात क्लेम. एकदा, दोनदा, तीनदा. कुणीही अडखळलं नाही. सगळ्यांना पाठ होतं. हे कडवं हेस्टरने कधी गायलेलं नाही, हे मार्चपासून सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्याशी बोलताना सगळे ‘गाजतंय’ म्हणून लगेच हवेच्या गप्पांवर येत होते.

मधल्या सुट्टीत ब्रायनी दोन ग्लास घेऊन आली, लाल झालेल्या गालांनी.

"कसं वाटलं? खरं सांगा."

"मी शब्दांचं काय सांगितलं होतं?"

ब्रायनीने ग्लास टेबलावर ठेवले. "मला माहीत होतं तुम्ही हे म्हणणार. पण ऐका ना. शेकडो वर्षं या गाण्यांतल्या मुली रडतायत, बुडतायत, दारात बसून वाट बघतायत. सगळं त्यांना कुणीतरी करतं. मी तिला एकदा तरी स्वतः ठरवू दिलं. तिला बळ दिलं मी, हेस्टर. तुम्हालाच दिलं म्हणा ना."

"मी ठरवलं नव्हतं."

"हो, पण गाण्यात..."

"मी त्याला खाली आणलं कारण मला वाटलं, डॉक्टर आलाय. मी पायरीवर त्याची टोपी नीट करत होते. तेवढ्यात मोटारीतल्या बाईने त्याला घेतलं. हे तुला सांगितलं होतं मी. क्लेमला नाही, कुणालाच नाही, तुला."

"मी तुमचं नाव कुठेही घेतलेलं नाही," ब्रायनी म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की हाच प्रश्न आहे. मग जरा सावरून, समजूत काढावी तशी ती म्हणाली, "तुम्हाला कल्पना नाही या गाण्याने लोकांना काय दिलंय. परवा नॉरिचला कार्यक्रमानंतर एक गृहस्थ थांबले होते. दत्तक गेलेले. म्हणाले, इतकी वर्षं आईला शोधत होतो. तुमचं गाणं ऐकलं आणि कळलं, तिने स्वखुशीने सोडलं, ती मोकळी झाली. आता मी तिला त्रास देणार नाही, शोधणं थांबवतो. किती शांत दिसत होते ते."

हेस्टरचा हात टेबलावर होता. तो तिने मांडीवर घेतला.

"वय काय असेल?"

"असतील पन्नास-पंचावन्न."

"नाव?"

ब्रायनीचा चेहरा तेव्हा कुठे उतरला. "नाव... विचारायचं राहिलं. रांग होती मागे. हेस्टर, तो कुणीही असू शकतो. असे हजारो आहेत."

"हो," हेस्टर म्हणाली. "त्या हजारोंना तू सांगितलंस."

दुसरी फेरी सुरू झाली. एकाने डुकराचं गाणं म्हटलं, लोक हसले. पाळी फिरत फिरत आली आणि क्लेम तिच्याकडे न बघता म्हणाला, "हेस्टर? की पुढे?"

हेस्टर उभी राहिली. बगळ्यात उभं राहून कुणी गात नाही. तिने सूर धरला, आईच्या चालीतला, आणि पहिल्याच ओळीला खोलीत चुळबुळ झाली. दिलेलं गाणं होतं ते. बाकावरच्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, कुणीतरी पाकिटातले कुरकुरे खायचे थांबवले. पहिल्या कडव्याचं धृपद आलं. कुणीही उचललं नाही.

गाण्यात परके शब्द आले तेव्हा गप्प बसलेली हीच माणसं आता नियमाला जागत होती. क्लेम, ज्याच्या बायकोच्या अंत्ययात्रेत तिने हेच गाणं गायलं होतं, हाताची घडी घालून आपल्या बुटांकडे बघत होता. हेस्टरला त्याचा संताप आला. एवढा संताप तिला त्या मोटारीचाही कधी आला नव्हता, कारण मोटारीतल्या माणसांना ती ओळखत नव्हती.

ती गात राहिली. तिचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, वरच्या सुराला फाटत होता. प्रत्येक धृपद तिने एकटीने म्हटलं. मग ते कडवं आलं, आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर. *माझ्या हातून नेलं गं बाळ.* हे म्हणताना तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणाला काही कळलं असेल, नसेल. कुणी मान वर केली नाही.

शेवटच्या ओळीला मात्र एक आवाज तिच्या साथीला आला. ब्रायनीचा. एका म्हातारीला अशी एकटी पडलेली पाहवेना, म्हणून तिने खोलीचा नियम मोडला, हळूच, डोळे मिटून, गोड आवाजात. आणि चार महिने रोज गाऊन जे तोंडात बसलं होतं, तेच तिच्या तोंडून आलं.

*हात झाले मोकळे.*

हेस्टर मध्येच थांबली. ब्रायनीचा आवाज उरलेली ओळ पूर्ण करून मग थांबला.

"पुढे," हेस्टर म्हणाली आणि बाकावरचा कोट उचलला.