भरून ठेवलेलं पाणी

“ह्या बाईनं मला घरातच बुडवून मारायचं ठरवलंय, दुसरं काही नाही.”

सुभाषराव जिन्याखालच्या कपाटात अर्धे घुसून स्वतःशीच पुटपुटत होते. पण इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या त्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या भिंती इतक्या पातळ की स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या कांताबाईंना शब्द न् शब्द ऐकू आला. केर ओढायचं हूवर मशीन काढायला गेलेल्या माणसाचा पाय भरलेल्या बादलीत पडला होता.

“कांता, जिन्याखाली बादली कामून ठेवली? इथं विजेचं मीटर आहे!”

“म्हणूनच,” कांताबाई म्हणाल्या आणि दुसरा कांदा घेतला.

सुभाषराव एका पायात ओला मोजा आणि एका पायात कोरडा, असे दारात येऊन उभे राहिले. “तीन वाजता लोक घर बघायला येणार आहेत. सगळं पाणी ओतून टाक. सगळं. ऐकलं का?”

“ऐकलं.”

ऐकलं होतंच. सकाळपासून तिसऱ्यांदा.

रात्रीचं जेवण आटपलं की कांताबाई पाणी भरत. मागच्या दाराशी दोन बादल्या, पुढच्या दाराशी एक, ओट्यावर मोठं पातेलं, सिंकखाली रिकाम्या दुधाच्या बाटल्या. एकोणऐंशीच्या जानेवारीत चार वर्षांच्या शिल्पाला घेऊन त्या ह्या देशात उतरल्या, त्या पहिल्या संध्याकाळपासून हे चाललेलं. तेव्हा इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाच्या बायका भेटायला आल्या, त्या पोट धरून हसल्या. “अहो कांताबाई, इथं नळाला चोवीस तास पाणी असतं!” कांताबाईही त्यांच्यात हसल्या होत्या. “सवय हो. आमच्याकडं पाण्याचे फार हाल.” ते सगळ्यांना पटलं. पाण्याचे हाल कुणाला ठाऊक नव्हते? पुढे शिल्पा शाळेतल्या मैत्रिणींना सांगायला लागली की माय मम थिंक्स द टॅप्स विल रन आउट, आणि तोच घरचा विनोद होऊन बसला.

कांताबाई एका शाळेच्या किचनमध्ये काम करत. तिथे दर टर्मला फायर ड्रिल व्हायचं. घंटा वाजली की सगळ्यांत आधी कांताबाई बाहेर. सुपरवायझर बाई सगळ्यांना म्हणायच्या, कांताकडून शिका. त्या दिवशी कांताबाईंना डबा जात नसे. संध्याकाळी तो तसाच घरी यायचा, आणि सुभाषराव तोच खाऊन वर म्हणायचे, आज भाजी मुरलीय छान.

सुभाषराव सत्तर साली इथल्या लोखंडाच्या ओतशाळेत कामाला आले ते एकटेच. मधून एकदा गावी जाऊन लग्न करून आले, मग एकदा मुलीचं तोंड बघून आले. दोन-चार वर्षं अजून, मग मी कायमचा येतोच, असं दर पत्रात लिहायचे. मग अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. गावातल्याच लोकांनी बौद्धवाडा जाळला, त्यात त्यांचंही घर गेलं. आणि त्याच आठवड्यात सुभाषरावांची आई गयाबाई, म्हणजे कांताबाईंच्या आत्याबाई, तापानं गेली. पत्रात असंच होतं. कांताबाईंनी सांगितलं आणि चुलतभाऊ बबन यानं लिहिलं. सुभाषरावांनी बायको-मुलीला बोलावून घेतलं. ताप कसला होता, किती दिवस होता, डॉक्टर आला होता का, काही म्हणता काही विचारलं नाही. साधा रेडिएटर दुरुस्त करायला माणूस आला तर त्याला वीस प्रश्न विचारणारा हा गृहस्थ. कांताबाईंना ते न विचारणं पंधरा वर्षं घरात वावरताना दिसत होतं. त्याला वळसा घालूनच दोघं संसार करत होते.

मागल्या वर्षी ओतशाळा बंद पडली. ह्या जानेवारीत बबनचा भल्या पहाटे फोन आला की विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव लागलं. मंडळाच्या हॉलवर पेढे वाटले गेले, म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. घरी येताना गाडीत सुभाषराव म्हणाले, “आता जायचं.”

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरलेला. दोन खोल्या, पुढे ओसरी, दारावर पाटी: गयाबाई निवास. जुन्याच जागेवर.

“आई जिथं गेली तिथंच तिचं नाव लागलं पाहिजे,” ते म्हणायचे. “बरं, पाण्याची टाकी कुठं घ्यायची ते तू सांग.”

“किती लिटरची?”

“पाचशे.”

“दोन घ्या.”

सुभाषराव खूष झाले होते. हिचं मन वळतंय असं त्यांना वाटलं. वळत नव्हतं. कांताबाई तेव्हापासून घरात सारख्या येरझाऱ्या घालत होत्या. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की पाणी भरावंसं. त्यात शिल्पा. ती नॉटिंगहॅमला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि सध्या भाजलेल्यांच्या बर्न्स वॉर्डला. मंगळवारी फोनवर उत्साहानं सांगत होती, “आई, गार पाणी लगेच ओतलं ना, तर इट चेंजेस एव्हरीथिंग. आमची सिस्टर म्हणते, मलम नाही, काही नाही, पहिलं पाणी.” कांताबाई म्हणाल्या, दारावर कुणीतरी आलंय. फोन ठेवून त्यांनी बाथटब भरला होता.

शनिवारी दोनपर्यंत त्यांनी सगळं ओतून टाकलं. बादल्या परसात पालथ्या घातल्या. शिल्पा सकाळच्या ट्रेननं आली होती, तिनं बाटल्या रिकाम्या केल्या. घर कसं मोकळं, हलकं झालं. कांताबाईंना ते हलकेपण सहन होईना. एकदा पुढच्या दाराशी गेल्या, एकदा मागच्या. सुभाषराव वर शर्ट बदलत होते. अडीच वाजता कांताबाईंनी नळ सोडला. एकच बादली भरू, म्हणून.

तीनच्या ठोक्याला एजंट एका तरुण गोऱ्या जोडप्याला घेऊन आला. बाई सहा-सात महिन्यांची पोटुशी. दाराशी बादली. तिला वळसा घालून ते आत आले, तर मागच्या दाराशी दोन. ओट्यावर पातेलं, डेगची, कुकर, वरणाची पळी बुडेल एवढं मोठं भांडं, सगळी काठोकाठ. वर बाथटब भरलेला.

“पाण्याचा काही प्रॉब्लेम आहे का इथं?” त्या बाईनं फार नम्रपणे विचारलं.

“नो, नो! फर्स्ट क्लास वॉटर,” सुभाषराव म्हणाले. “इंडियन हॅबिट.”

तिच्या नवऱ्यानं नळ सोडून बघितला. धो धो पाणी आलं. पण त्याचा त्या पाण्यावरही विश्वास बसेना. त्यानं सिंकखाली डोकं घातलं, छतावरचे डाग न्याहाळले, भिंतीवर बोटांनी टकटक केलं. मग तो बायकोकडे बघून नुसता हसला. ही माणसं असंच हसून नाही म्हणतात.

तासाभरात एजंटचा फोन आला. त्यांना प्लंबिंगची शंका वाटतेय, सॉरी.

सुभाषरावांनी फोन जागेवर ठेवला आणि ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

“कोणता दुष्काळ येणार आहे कॉव्हेंट्रीत?” आधी हळू, मग आवाज चढत गेला. “पंधरा वर्षं मी हसण्यावारी नेलं! घर विकायचं नाही तर तसं तोंडानं सांग. असा तमाशा कशाला?”

“विका की. मी कुठं नको म्हणते?” कांताबाई दाराला टेकून उभ्या होत्या. “गावी पण येते. फक्त त्या जागेवर नका बांधू.”

“का नाही? माझ्या आईची जागा आहे ती!”

“बाबा, तिला ओरडू नका,” शिल्पा मध्ये पडली.

“तू गप. तुला काय माहीत? चार वर्षांची होतीस तू.”

शिल्पानं दाराजवळची बादली उचलायला हात घातला आणि तो तसाच कडीवर राहिला.

“मला गोधडी आठवते,” ती म्हणाली. “ओली. खूप जड. माझ्या तोंडावर. सगळीकडे गरम होतं आणि मी थंडीनं कुडकुडत होते.” तिनं आईकडे पाहिलं. “वॉर्डमध्ये रोज आठवतं. मी कुणाला विचारलं नाही कधी. आई, मी भिजलेली का होते?”

बाहेर रस्त्यावर आइस्क्रीमची गाडी आपली तीच ती धून वाजवत गेली. मान खाली घालून सुभाषराव आपल्या मोज्याकडे बघत होते. गडबडीत त्यांनी तो बदललाच नव्हता. ओल्या पायानंच सगळं घर दाखवलं होतं.

“नको,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. “राहू दे, कांता. राहू दे ते.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं नाही, पण ताप नव्हता एवढं तरी. कांताबाई एकदम त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. दोघांना ती पायरी अरुंद पडत होती.

“विहीर चार दिवस बंद केली होती आपल्याला,” त्या म्हणाल्या. “वढ्याची एक-एक घागर आणत होते मी. त्या दिवशी घरात तेवढंच होतं. एक घागर. आत्याबाईंचा पाय मोडलेला, त्या बाजेवर. छप्पर पेटलं तवा त्या म्हणाल्या, पोरीला घे. मी म्हणलं, तुम्हाला पण नेते. तर म्हणाल्या, आधी पोरीला.”

शिल्पा बादलीजवळ खालीच बसली.

“गोधडी भिजवली, हिला गुंडाळलं, आन् पळाले. परत वळले तर दार राहिलं नव्हतं.” कांताबाईंनी पदर तोंडाला लावला नाही, सरळ समोर बघत राहिल्या. “थोडं राखायला पाहिजे होतं. अर्धी घागर तरी. पण मी सगळंच हिच्यावर ओतलं, अहो. तुमच्या आईसाठी मी पाणी ठेवलं नाही.”